रविवार दुपारचा बेसबॉल आणि त्यामागचे राजकारण

धागाकर्ता : ब्रॉडस्ट्रीटकर

शनिवार-रविवारच्या गप्पांत राजकारण नको, निदान खेळ पाहताना तरी नको, अशी विनंती फिलाडेल्फिया परिसरातल्या आपल्या मंडळींकडून मी नेहमी ऐकतो आणि तिच्यामागची भावना मला पूर्णपणे समजते. आठवडाभर ऑफिस, मुलांच्या शाळा, घराचे हप्ते आणि बातम्यांचा भडिमार सोसल्यावर रविवारी दुपारी पहिला चेंडू पडावा आणि पुढचे अडीच तास फिलीज संघाखेरीज कशाचीही काळजी नसावी, असे कोणाला वाटणार नाही? तरीही हा धागा मी मुद्दाम काढतो आहे, कारण ज्या रविवारच्या दुपारी आपण राजकारण विसरायला मैदानात जातो, ती दुपारच मुळात राजकारणाने मिळवून दिलेली आहे. आमच्या राज्यात तर ती थेट मतपेटीतून आली, आणि तीही मेजर लीगच्या, म्हणजे देशातल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलच्या, सगळ्या शहरांत सर्वांत उशिरा.

पेनसिल्व्हेनियात १७९४ साली झालेल्या कायद्याने रविवारी कोणताही ऐहिक धंदा किंवा करमणुकीचा खेळ करण्यास मनाई केली होती आणि त्यासाठी चार डॉलर दंड ठेवला होता. पुढे दंडाची रक्कम नाममात्र झाली, तरी न्यायालयाच्या मनाई हुकुमाची टांगती तलवार राहिली, आणि विसाव्या शतकातही आमचे दोन्ही संघ, म्हणजे फिलीज आणि ॲथलेटिक्स, रविवारी स्वतःच्या मैदानावर उतरू शकत नव्हते. शनिवारचा सामना घरी खेळायचा, रात्री आगगाडी पकडायची, रविवारी जिथे परवानगी आहे अशा दुसऱ्या शहरात एक सामना खेळायचा आणि सोमवारी पुन्हा घरी यायचे, असा प्रकार चाले. यात खरे नुकसान कोणाचे होत होते ते पाहा. ॲथलेटिक्सचे शिबे पार्क लीहाय ॲव्हेन्यूवर होते आणि पूर्वेला थोड्याच अंतरावर केन्सिंग्टनच्या गालिच्याच्या आणि मोज्यांच्या गिरण्या होत्या. सामने दुपारी उन्हात होत, कारण मैदानावर दिवे नव्हते. गिरणीतल्या माणसाला आठवड्यातून जी एकच पूर्ण सुट्टी मिळे, नेमक्या त्याच दिवशी मैदानाचे फाटक बंद असे. ज्या खेळाला हा देश आपला राष्ट्रीय खेळ म्हणत होता, तो पाहण्याची सवड मैदानाच्या शेजाऱ्यांनाच नव्हती.

१९२६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दीडशे वर्षे झाली म्हणून शहराच्या दक्षिण टोकाला एक प्रचंड प्रदर्शन भरले होते, आणि ते रविवारीही तिकीट लावून खुले ठेवण्यात आले. ॲथलेटिक्सच्या चालकांनी विचारले की प्रदर्शनाला जे चालते ते आम्हाला का चालू नये. पोलिसांनी मध्ये पडू नये असा न्यायालयाचा हुकूम त्यांनी मिळवला आणि २२ ऑगस्ट १९२६ रोजी, रविवारी, भुरभुरत्या पावसात शिकागो व्हाइट सॉक्सविरुद्ध सामना खेळवला. लेफ्टी ग्रोव्हच्या गोलंदाजीवर तो त्यांनी ३–२ असा जिंकला. काहीही आकाश कोसळले नाही, दंगा झाला नाही, लोक भिजत आले आणि भिजत घरी गेले. पण पुढच्याच वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने व्यावसायिक बेसबॉल हा ऐहिक धंदाच आहे असा निकाल दिला आणि रविवारचे फाटक पुन्हा बंद झाले.

माझ्या मते या निकालाची किंमत शहराने फार मोठी मोजली. १९२९, १९३० आणि १९३१ अशी लागोपाठ तीन वर्षे ॲथलेटिक्स अमेरिकन लीगचे विजेते होते आणि त्यातली पहिली दोन वर्षे त्यांनी वर्ल्ड सिरीजही, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधली अंतिम लढतही जिंकली. तो संघ आजही बेसबॉलच्या इतिहासातल्या सर्वोत्तम संघांत गणला जातो. मग महामंदी आली, प्रेक्षक आटले, बँकांची देणी डोक्यावर आली, आणि रविवारचे उत्पन्न तर कधी नव्हतेच. संघाचे व्यवस्थापक आणि एक मालक कॉनी मॅक यांनी १९३२ मध्ये अल सिमन्ससह तिघा खेळाडूंना शिकागोला विकले आणि १९३३ च्या डिसेंबरात ग्रोव्हला बॉस्टनला व मिकी कॉक्रेनला डेट्रॉइटला दिले. मंदी सगळ्यांनाच होती, हे खरे. पण इतर शहरांतल्या मालकांकडे निदान रविवारची तिकीटखिडकी होती.

अखेर १९३३ साली गव्हर्नर गिफर्ड पिंचो यांच्या सहीने कायदा झाला की प्रत्येक गावाने आपापला निर्णय मतदानाने घ्यावा. नोव्हेंबरमध्ये मतदान झाले. त्याच दिवशी दारूबंदी उठवण्याचा प्रश्नही मतदारांपुढे होता. फिलाडेल्फियाने आणि पिट्सबर्गने रविवारच्या खेळाच्या बाजूने कौल दिला आणि १९३४ च्या एप्रिलपासून दोन्ही शहरांत रविवारी अधिकृतपणे बेसबॉल सुरू झाला. मात्र वेळेची मर्यादा होती : दुपारी दोन ते सहा. चर्चच्या सकाळला आणि संध्याकाळला धक्का लागू नये, म्हणून ही तडजोड होती. आपल्या फुटबॉलवेड्या मित्रांसाठी एवढेच सांगतो की ईगल्स आणि पिट्सबर्गचा संघ हे दोन्ही १९३३ मध्येच स्थापन झाले, आणि त्याचे कारण हाच कायदा होता. व्यावसायिक फुटबॉल रविवारी खेळला जाई, त्यामुळे जिथे रविवार बंद तिथे त्या संघांना जागाच नव्हती.

आज रविवारी मी सिटिझन्स बँक पार्कच्या वरच्या स्टँडमध्ये बसतो. फिलीज बाहेरचे खाणे आत आणू देतात, त्यामुळे पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी असते, मांडीवर स्कोअरबुक असते. सकाळी मराठी शाळेत काना-मात्रा गिरवून आलेली मुलगी दुपारी त्याच पेन्सिलीने ६-४-३ असा डबल प्ले नोंदवते : शॉर्टस्टॉपने चेंडू उचलला, दुसऱ्या बेसवर दिला, तिथून पहिल्या बेसवर गेला, दोघे बाद. २०२३ पासून पिचरला चेंडू टाकण्यासाठी ठरावीक सेकंद मिळतात (हेच पिच क्लॉक), त्यामुळे आदल्या हंगामात सरासरी तीन तास चार मिनिटे चालणारा सामना दोन तास चाळीस मिनिटांवर आला, आणि आम्ही अंधार पडण्याच्या आत घरी पोहोचतो. इतक्या साध्या दुपारीसाठी एक कायदा, एक न्यायालयीन पराभव आणि एक सार्वमत खर्ची पडले आहे, हे त्या मुलीला कळावे असे मला मनापासून वाटते.

तुमच्या शहरांतला रविवार कसा आला, आणि खेळ व राजकारण यांची फारकत खरोखर शक्य आहे का, यावर आपली मते वाचायला आवडतील.

चार्ल्सकाठी :

उत्तम धागा. आमच्या बॉस्टनची कथा साधारण अशीच आहे, फक्त पाच वर्षे आधीची. १९२८ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये सार्वमत झाले आणि १९२९ पासून रविवारचे सामने सुरू झाले. पण कायद्यात अशी अट होती की प्रार्थनास्थळापासून एक हजार फुटांच्या आत रविवारी खेळता येणार नाही, आणि फेनवे पार्कच्या जवळ चर्च होते. त्यामुळे रेड सॉक्सना रविवारपुरते आपले मैदान सोडून ब्रेव्ह्ज संघाच्या मैदानावर पाहुण्यासारखे खेळावे लागे. १९३२ मध्ये ही अडचण दूर झाली. फेनवेला आज जे लोक देवळाचा दर्जा देतात, त्यांना हे सांगितले की विश्वास बसत नाही.

न्यूयॉर्कमध्ये तर प्रकरण अटकेपर्यंत गेले होते. १९१७ च्या ऑगस्टमध्ये पोलो ग्राउंड्सवर रविवारी सामना खेळवल्याबद्दल जायंट्सचे जॉन मॅकग्रॉ आणि सिनसिनाटीचे ख्रिस्टी मॅथ्यूसन या दोन्ही व्यवस्थापकांना पकडले. सामना लष्करी पलटणीच्या मदतीसाठी होता, म्हणून न्यायाधीशांनी त्यांना सोडून दिले. दोन वर्षांनी जिमी वॉकर यांनी राज्याच्या सिनेटमध्ये विधेयक आणले, गव्हर्नर अल स्मिथ यांनी सही केली, आणि पुढे वॉकर न्यूयॉर्कचे महापौर झाले. सर्वसामान्य माणसाला त्याचा रविवार मिळवून देणाऱ्याला मतदार विसरत नाहीत, असे मला यावरून वाटते.

दोन_दिवस_शांतता :

लेख माहितीपूर्ण आहे, परंतु निष्कर्षाशी मी सहमत नाही. रस्ता सरकारने बांधला म्हणून रस्त्यावरून चालताना सरकारची चर्चा केलीच पाहिजे असे होत नाही. रविवारचा खेळ कधीकाळी कायद्याने मिळाला असेल, पण आज तो मिळालेला आहे, आणि त्याचा उपयोग मी मनाला विश्रांती देण्यासाठी करतो. माझ्या कार्यालयात दोन्ही पक्षांचे कट्टर लोक आहेत. सोमवार ते शुक्रवार आम्ही एकमेकांशी जपून बोलतो. शनिवारी त्यांच्यातले दोघे माझ्याशेजारी बसून एकाच होम रनसाठी उभे राहतात. या देशात अशा जागा झपाट्याने कमी होत आहेत आणि बेसबॉलचे मैदान ही उरलेल्या थोड्या जागांपैकी एक आहे. तिथे राजकारण आणले तर त्या दोघांपैकी एक जण यायचा बंद होईल, आणि तो तोटा मला फार मोठा वाटतो.

२०२१ साली जॉर्जियाच्या मतदान कायद्यावरून बेसबॉलचा ऑल-स्टार सामना, म्हणजे निवडक खेळाडूंचा वार्षिक सामना, अटलांटाहून डेनव्हरला हलवला गेला. कायदा बदलला नाही, पण अटलांटाच्या छोट्या दुकानदारांचा आणि हॉटेलांतल्या कामगारांचा एक चांगला आठवडा गेला. २०२५ मध्ये सामना पुन्हा अटलांटालाच झाला. मग साधले काय?

लालबागकर :

मी बेसबॉलचा जाणकार नाही. धागा उघडला तो शीर्षकातल्या 'रविवार' या शब्दामुळे, आणि वाचता वाचता केन्सिंग्टनच्या गिरण्यांपाशी थांबलो, कारण आमच्या घरात दोन पिढ्या गिरणीत गेल्या.

मुंबईच्या गिरणी कामगारालाही रविवार कोणी सहज दिलेला नाही. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम आणि आठवड्याची सुट्टी नाही, अशी अवस्था होती. महात्मा फुले यांचे सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा घेऊन साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवले, आणि त्यातली पहिली मागणी रविवारच्या सुट्टीची होती. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली, ही गोष्ट मला नेहमी विशेष वाटते. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली. फिलाडेल्फियाच्या सार्वमतापेक्षा हे त्रेचाळीस वर्षे आधीचे आहे.

पुढे त्या रविवारी मुंबईने काय केले ते आपण जाणतो. १९४८ पासून भर पावसाळ्यात कांगा लीगचे क्रिकेट सामने रविवारी होऊ लागले, आझाद मैदानावर आणि क्रॉस मैदानावर एकमेकांत मिसळलेल्या सीमारेषा असतात, आणि चिखलात चेंडू कसा वळेल याचा नेम नसतो. सुट्टी आधी मिळाली, खेळ नंतर आला. हा क्रम 'दोन दिवस शांतता' यांनी लक्षात घ्यावा अशी विनंती आहे. शांततेला माझा विरोध नाही, पण ती ज्यांनी मिळवून दिली त्यांचे नाव त्या शांततेत घेता येऊ नये, हे पटत नाही.

ब्रॉडस्ट्रीटकर :

लालबागकर, लोखंड्यांचा संदर्भ इथे आणल्याबद्दल मनापासून आभार. धागा लिहिताना तो माझ्या मनात होता, पण गिरणगावातल्या माणसाने तो सांगणे अधिक योग्य.

दोन दिवस शांतता, तुमच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या त्या दोघांबद्दल तुम्ही लिहिले ते मला फार महत्त्वाचे वाटते आणि त्यांच्यातला एकही जण मैदानातून कमी व्हावा असे मी म्हणणार नाही. पक्षाचा प्रचार आणि राजकारण या दोन गोष्टी मी वेगळ्या मानतो, एवढेच. फिलाडेल्फियापुरते बोलायचे तर १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू डॉजर्स संघाकडून खेळायला लागला, तेव्हा आमच्या फिलीजचा व्यवस्थापक बेन चॅपमन याने त्याला वर्णद्वेषी शिव्यांची लाखोली वाहिली. २०१६ मध्ये शहराच्या नगरपरिषदेने ठराव करून त्याबद्दल माफी मागितली. या मधल्या एकोणसत्तर वर्षांत 'खेळात राजकारण नको' असे म्हणणाऱ्यांनी रॉबिन्सनचे दुःख कमी केले नाही. तसेच १९६९ मध्ये सेंट लुइस संघाने कर्ट फ्लड या खेळाडूला न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकले आणि त्याने यायला नकार दिला. मी विकाऊ मालमत्ता नाही, ही त्याची भूमिका होती. १९२२ च्या निकालाने बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून जी सूट मिळाली होती, तिच्याविरुद्धचा खटला तो १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध तीन मतांनी हरला. त्याची कारकीर्द संपली, पण खेळाडूंचा प्रश्न मिटला नाही, आणि १९७५ मध्ये लवादाच्या निर्णयाने पुढच्या पिढीला संघ निवडण्याचे स्वातंत्र्य मिळाले. हे सगळे बाजूला ठेवून उरलेला बेसबॉल मला पाहता येत नाही.

ऑल-स्टार सामन्याबद्दल मात्र तुमची हरकत विचार करण्यासारखी आहे. तिथे निर्णय प्रेक्षकांचा नव्हता, अटलांटाच्या नागरिकांचाही नव्हता. तो लीगच्या कार्यालयात झाला. माझा आग्रह राजकारणापेक्षाही या गोष्टीसाठी आहे की निर्णयात लोकांचा वाटा असावा.

रात्रपाळी :

मी इथल्या एका रुग्णालयात परिचारिका आहे, त्यामुळे शनिवार-रविवार हा शब्द माझ्यासाठी कामाच्या वेळापत्रकातला एक रकाना आहे. सगळी चर्चा वाचून एक प्रश्न विचारावासा वाटतो. तुमच्या रविवारच्या दुपारी स्टँडच्या पायऱ्या चढत पाण्याच्या बाटल्या विकणाऱ्या बाईचा रविवार कुठे गेला?

जुन्या कायद्याच्या बाजूनेही थोडे बोलायला हवे. त्याच्यामागे धर्म होता, हे उघडच आहे, पण एक दिवस सगळ्यांनीच थांबावे, मालकानेही आणि नोकरानेही, असा विचारही त्यात होता. ब्रँच रिकी, ज्यांनी जॅकी रॉबिन्सनला संघात घेतले, ते स्वतः रविवारी मैदानात जात नसत. त्या माणसाला मागासलेले म्हणण्याचे धैर्य मला होणार नाही.

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये फिलाडेल्फियाच्या तिन्ही मोठ्या क्रीडागृहांतल्या खाद्यपदार्थ विकणाऱ्या कामगारांनी संप केला होता. त्यांची अडचण ऐकून मला धक्का बसला. तीच माणसे, तीच कंपनी, फिलीजच्या मैदानावर उन्हाळ्यात काम, मग फुटबॉल, मग हिवाळ्यात बास्केटबॉल आणि हॉकी. वर्षभर राबूनही प्रत्येक क्रीडागृहातले तास वेगळे मोजले जात, त्यामुळे वर्षभराच्या आरोग्यविम्याला लागणारे तास भरत नसत. तिन्हीकडचे तास एकत्र धरा, एवढी त्यांची मागणी होती. तुमच्या मतपेटीने प्रेक्षकांना रविवार दिला, पण हे काम करणाऱ्यांना तो कोणी दिला नाही. त्यांचे तास हेही बेसबॉलचे राजकारणच आहे, आणि ते मला पिच क्लॉकपेक्षा जास्त निकडीचे वाटते.

लालबागकर :

रात्रपाळी ताई, शंभर टक्के सहमत. लोखंड्यांच्या सभेत आज तुम्ही भाषण केले असते.

बे_एरियातला_हिरवा :

ब्रॉडस्ट्रीटकरांनी ॲथलेटिक्सची कथा १९३४ पर्यंत आणून सोडली. पुढची आम्ही जगलो आहोत, म्हणून लिहितो. हाच संघ १९५५ मध्ये फिलाडेल्फियाहून कॅन्सस सिटीला गेला आणि १९६८ मध्ये आमच्या ओकलंडला आला. १९७२ ते १९७४ अशी सलग तीन वर्षे वर्ल्ड सिरीज जिंकला. मी इथे नोकरीला आलो तेव्हा बेसबॉल मला कळत नव्हता, पण बार्ट रेल्वेच्या पुलावरून कोलिझियम मैदानाकडे जाताना उजव्या मैदानामागच्या बाकांवरून ढोल ऐकू येत, आणि गणपतीच्या मिरवणुकीत वाढलेल्या माणसाला तेवढे आमंत्रण पुरेसे होते. तिकीट स्वस्त होते. मैदान जुने आणि गळके होते. तिथे गोदी कामगार, शिक्षक, बस चालक आणि आमच्यासारखे संगणकवाले एकाच रांगेत बसत. सान फ्रान्सिस्कोच्या मैदानावर असे दृश्य मला कधी दिसले नाही.

मालक जॉन फिशर यांनी संघ लास व्हेगसला नेण्याचे ठरवले. १३ जून २०२३ रोजी, मंगळवार असूनही, सत्तावीस हजारांहून अधिक लोक हिरवे शर्ट घालून आले. शर्टावर एकच शब्द होता : 'सेल', म्हणजे संघ विकून टाका. त्याच आठवड्यात नेव्हाडाच्या विधिमंडळाने नव्या मैदानासाठी ३८ कोटी डॉलरपर्यंत सार्वजनिक पैसा मंजूर केला. नोव्हेंबरमध्ये इतर सगळ्या मालकांनी एकमताने स्थलांतराला परवानगी दिली. २६ सप्टेंबर २०२४ रोजी ओकलंडमधला शेवटचा सामना झाला, टेक्सासविरुद्ध ३–२ असा आम्ही जिंकला. त्या दिवशी ४६,८८९ लोक आले होते. आता संघ वेस्ट सॅक्रामेंटोच्या एका लहान मैदानावर खेळतो आणि शहराचे नावही लावत नाही.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त बोचते ती एक गोष्ट, आणि ती या धाग्याशी थेट जोडलेली आहे. नेव्हाडातल्या शिक्षकांच्या पुढाकाराने 'स्कूल्स ओव्हर स्टेडियम्स' नावाची मोहीम उभी राहिली. शाळांना पैसा कमी पडत असताना मैदानाला का द्यायचा, हे मतदारांना ठरवू द्या, एवढेच त्यांचे म्हणणे होते. सार्वमत मागणाऱ्या त्यांच्या अर्जाच्या मसुद्यात तांत्रिक उणिवा काढून न्यायालयाने तो अवैध ठरवला, २०२४ च्या मे महिन्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम केले, आणि मतदान झालेच नाही. १९३३ मध्ये फिलाडेल्फियाच्या गिरणी कामगाराला आपला रविवार ठरवायला मतपत्रिका मिळाली होती. नव्वद वर्षांनंतर त्याच संघाच्या प्रश्नावर ना ओकलंडच्या प्रेक्षकाला मत होते, ना नेव्हाडाच्या करदात्याला.

मिझुरीतली :

जिथे मत मिळाले तिथे काय झाले तेही नोंदवते. २ एप्रिल २०२४ रोजी कॅन्सस सिटीच्या आमच्या जॅक्सन काउंटीत रॉयल्स या बेसबॉल संघाच्या नव्या मैदानासाठी आणि चीफ्स या फुटबॉल संघाच्या स्टेडियमच्या नूतनीकरणासाठी डॉलरमागे तीन अष्टमांश सेंट विक्रीकर पुढे चाळीस वर्षे चालू ठेवावा का, यावर मतदान झाले. चीफ्सनी दोनच महिन्यांपूर्वी सुपर बोल जिंकला होता, गावभर लाल झेंडे होते, तरीही सुमारे ५८ टक्के मतदारांनी नाही म्हटले. माझ्या ओळखीतले ज्यांनी नाही म्हटले ते सगळे दोन्ही संघांचे पक्के चाहते आहेत. नव्या मैदानाच्या जागेवर जी छोटी दुकाने होती त्यांचे काय होणार, याचे नीट उत्तर त्यांना मिळाले नव्हते. चाहता असणे आणि कोरा धनादेश देणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथल्या लोकांनी शांतपणे सांगितले.

दोन_दिवस_शांतता :

ओकलंडचा प्रतिसाद दोनदा वाचला. संघाचे स्थलांतर आणि सार्वजनिक पैसा यांवर नागरिकांना मत असावे, हे मला मान्य आहे, आणि त्यासाठी चाहत्यांनी मैदानात शर्ट घालून बसण्यालाही माझी हरकत नाही, कारण तो त्यांच्याच खेळाचा प्रश्न आहे. माझी सीमा एवढीच आहे की खेळाबाहेरचे वाद तिथे आणू नयेत. रात्रपाळी यांनी मांडलेला विम्याचा प्रश्न मात्र कोणत्या बाजूला ठेवायचा हे ठरवताना मी अडखळलो. ती बाई माझ्याच रांगेत येते. तिला मी ओळखतो. तो खेळाबाहेरचा वाद आहे असे मला म्हणता येत नाही.

चार्ल्सकाठी :

ब्रॉडस्ट्रीटकर, एक शंका. रविवारी सहा वाजता सामना अर्धवट असेल तर काय करत? आणि शिबे पार्कच्या जागी आता काय आहे?

ब्रॉडस्ट्रीटकर :

वेळ संपली की खेळ थांबवावा लागे आणि प्रसंगानुसार तो नंतरच्या तारखेला पुढे पूर्ण केला जाई. पुढे मर्यादा सातपर्यंत वाढली. दोन सामने लागोपाठ असले की दुसऱ्याच्या शेवटी घड्याळाकडे पाहून खेळणे चाले, आघाडीवरचा संघ घाई करी आणि पिछाडीवरचा रेंगाळे. शिबे पार्कवरचा शेवटचा सामना १ ऑक्टोबर १९७० रोजी झाला, १९७६ मध्ये मैदान पाडले, आणि आज त्या जागी डिलिव्हरन्स इव्हँजेलिस्टिक चर्च उभे आहे. रविवारी सकाळी तिथे मोठी गर्दी असते. मी त्या फुटपाथवरून गेलो आहे, बाहेर एक फलक आहे.

ताई, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, पण एका गोष्टीची भर घालतो. १९४२ च्या जानेवारीत, युद्ध सुरू झाल्यावर, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी बेसबॉलचे आयुक्त लँडिस यांना पत्र लिहून बेसबॉल चालू ठेवावा असे सुचवले. दिवसपाळीच्या कामगारांनाही अधूनमधून सामना पाहता यावा म्हणून रात्रीचे सामने वाढावेत, अशी इच्छा त्यांनी त्यात व्यक्त केली होती. खेळाची वेळ कामगाराच्या पाळीकडे पाहून ठरवावी, हा विचार देशाच्या सर्वोच्च पदावरून मांडला गेला होता. पायऱ्या चढणाऱ्या कामगारांचे तासही त्याच दृष्टीने पाहायला हवेत.

रात्रपाळी :

पत्राची माहिती नवीन होती, आभारी आहे. पाळीचाच विषय निघाला म्हणून आमच्या शहरातली ताजी गोष्ट सांगते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये राज्याकडून निधी न आल्याने सेप्टा या सार्वजनिक वाहतूक संस्थेने बत्तीस बसमार्ग बंद केले आणि सामन्यांच्या दिवशी ब्रॉड स्ट्रीट मार्गावर सुटणाऱ्या जादा गाड्याही काढून टाकल्या. त्या वेळी शहरात सगळ्यात मोठी ओरड जादा गाड्यांबद्दल झाली आणि ईगल्सच्या पहिल्या सामन्यासाठी तर एका जुगार कंपनीने गाड्यांचा खर्च उचलला. माझ्या विभागात काम करणाऱ्या मावशींचा बसमार्ग बंद झाला होता, त्याला प्रायोजक मिळाला नाही. त्यांना पहाटेच्या पाळीला दोन गाड्या बदलून यावे लागत होते. पुढे न्यायालयाचा हुकूम झाला, राज्याने भांडवली कामांचा निधी चालू खर्चासाठी वापरायला दोन वर्षांपुरती परवानगी दिली आणि सेवा पूर्ववत झाली.

तुम्हा चाहत्यांचा आवाज मोठा आहे, हे त्या दोन आठवड्यांत दिसले. तेव्हा राज्याच्या राजधानीतल्या, हॅरिसबर्गच्या आमदारांना पत्र लिहाल तेव्हा जादा गाड्यांबरोबर त्या बत्तीस मार्गांचाही उल्लेख करा. दोन वर्षांची मुदत संपेल तेव्हा हा प्रश्न पुन्हा त्याच सभागृहापुढे येणार आहे.

ब्रॉडस्ट्रीटकर :

मसुदा मी करतो आणि इथेच ठेवतो. मार्गांचे क्रमांक आणि पहाटेच्या पाळीच्या वेळा तुम्ही कळवा. दोन दिवस शांतता, तुमचीही सही हवी आहे.

दोन_दिवस_शांतता :

देईन. सोमवारी पाठवा.